ओल्या लाकडाचा वाडगा दर वेळी तडकतो? आधी चीर कुठे पडली ते बघा

फणसाचा ओला ठोकळा लेथवर चढवला, दोन-अडीच तासांत मनासारखा वाडगा उतरला, रात्री पडवीतल्या बाकावर ठेवला आणि सकाळी बघतो तर काठावर नखाएवढी चीर. चार दिवसांनी तीच चीर तळाला भिडलेली. वेंगुर्ल्यापासून दापोलीपर्यंत ज्याने म्हणून ताज्या लाकडावर कातकाम केलंय, त्याला हा अनुभव चुकलेला नाही. उपाय मात्र जो तो वेगळा सांगतो. कुणी मेण लावा म्हणतो, कुणी वर्तमानपत्रात गुंडाळा म्हणतो, कुणी उकळून घ्यायला सांगतो. यातले बहुतेक उपाय खरे आहेत, पण एकेक उपाय एकेका प्रकारच्या चिरेवरचा आहे. म्हणून तडकलेला वाडगा लगेच चुलीत घालू नका. हातात घेऊन बघा, चीर कुठून निघाली आणि कुठवर गेली. चूक कुठल्या पायरीवर झाली ते त्यावरून बहुतेक वेळा कळतं.

त्याआधी लाकूड सुकताना काय होतं, ते थोडं समजून घेऊ. ताज्या लाकडात पाणी दोन जागी असतं: तंतूंच्या पोकळ नळ्यांमध्ये आणि त्या नळ्यांच्या भिंतींमध्ये. नळ्यांतलं पाणी आधी जातं. ते जाताना वाडगा हलका होतो, पण आकसत नाही. ओल कोरड्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांवर आली की भिंतींतलं पाणी निघायला लागतं आणि तिथून आकसणं सुरू होतं. हे आकसणं सगळ्या दिशांना सारखं नसतं. ओंडक्याच्या लांबीत ते नगण्य, गाभ्याकडून सालीकडे थोडं आणि वलयांच्या अंगानं, म्हणजे घेरात, सर्वांत जास्त. सागासारख्या गुणी लाकडातसुद्धा पार ओल्यापासून पार कोरडं होईपर्यंत त्रिज्येत सुमारे २.५ टक्के आणि घेरात सुमारे ५.८ टक्के आकसणं होतं. गोल कातलेला वाडगा सुकल्यावर लांबट होतो तो यामुळे. त्याला इलाज नाही आणि ते बिघडणंही नाही. तडा जातो तो एक भाग आकसायला लागलेला असताना त्याला चिकटलेला दुसरा भाग अजून ओलाचिंब राहिला तर. आकसणाऱ्या भागाला ताण बसतो, तो सोसवेना झाला की लाकूड फाटतं.

काठावर समोरासमोर दोन चिरा

सर्वांत जास्त दिसतात त्या या. वाडगा फिरवून बघितलात तर काठावर समोरासमोर दोन जागा अशा सापडतात, जिथे शिरा आडव्या जात नाहीत, त्यांची कापलेली तोंडं बाहेर दिसतात. ओल्या कापडानं पुसलं तर त्या जागा पटकन काळपटतात. या उघड्या तोंडांतून पाणी बाजूच्या लाकडापेक्षा दहा-पंधरा पट वेगानं निघतं. बाकीचा वाडगा ओला असताना एवढेच दोन पट्टे कोरडे पडतात आणि तिथेच चीर पडते.

पहिली दोन वर्षं माझे निम्म्याहून जास्त वाडगे इथेच गेले. दोष लाकडाला देत होतो. कारण समोरच होतं: मार्चचा उकाडा, लेथशेजारी मोठा पंखा आणि त्याचा सगळा झोत फिरणाऱ्या ओल्या लाकडावर. लेथवर फिरणारं लाकूड स्वतःच वारा खात असतं, त्यात पंख्याची भर. वाडगा उतरवायच्या आधीच काठाचा वरचा पापुद्रा ३० टक्क्यांच्या खाली गेलेला असे. चीर त्याच वेळी ठरत होती, दिसायची तेवढी सकाळी.

दुसरी गोष्ट आपल्या किनाऱ्याची. हिवाळ्यात रात्रभर आणि सकाळी उशिरापर्यंत डोंगराकडून मतलई वाहते. दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात ओल असते, तशी हिच्यात नसते. उघड्या पडवीत ठेवलेला वाडगा रात्रभर ती खातो. डिसेंबर ते फेब्रुवारीत उतरवलेले वाडगे सकाळीच चिरलेले का दिसतात, याचा उलगडा मला फार उशिरा झाला.

तेव्हा ओलं लाकूड कातताना पंखा बंद. घाम आला तर येऊ दे. काम एका बैठकीत संपवा. जेवायला उठायचं असेल तर वाडगा चकावरच (लेथवर लाकूड पकडून ठेवणारा जबडा) ठेवून त्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवा आणि तोंड बांधा. मधेच वीज गेली तरी हेच. आमच्याकडे पावसाच्या तोंडावर ती हमखास जाते. बाहेरून गोल झालेला आणि आतून भरीव राहिलेला ठोकळा दोन तास उघडा पडला तर वाचणं कठीण, कारण बाहेरची साल सुकते आणि आतला गड्डा तिला आकसू देत नाही.

वाडगा उतरल्याबरोबर त्या दोन उघड्या जागांवर, काठापासून तळापर्यंत आतून-बाहेरून मेण लावा. मेणबत्त्यांचं मेण चालतं. पण ते थेट आचेवर कधीही वितळवू नका, भडकतं. पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा आणि गरम असतानाच जुन्या ब्रशनं लावा. मेण नसेल तर घट्ट फेविकॉलचे दोन हात द्या. मेणाच्या तोडीचं नाही ते, पण काहीच न लावण्यापेक्षा कितीतरी बरं. सगळ्या वाडग्याला मेण फासू नका. पाण्याला कुठून तरी बाहेर पडायची वाट हवी, नाहीतर पावसाळ्यात आत बुरशी धरते.

मग खाकी कागदाच्या पिशवीत किंवा रद्दीच्या तीन-चार पदरांत गुंडाळून, वारा लागणार नाही अशा खोलीत, फळीवर उपडा ठेवा. मी भाताच्या तुसातही पुरून बघितलं. सुकायला वेळ लागतो, पण काठ शाबूत राहतात. कातताना निघालेल्या ओल्या ढलप्यांत मात्र पावसाळ्यात पुरू नका, आठवड्यात सगळं लाकूड निळं-काळं पडतं. आंब्याचं तर नक्कीच.

काठापासून मध्यापर्यंत सरळ गेलेली, किंवा तळाला चांदणीसारखी फुटलेली चीर

या वाडग्यात झाडाचा गाभा राहिलेला आहे. गाभा म्हणजे खोडाच्या अगदी मधला तो छोटा मऊ ठिपका. त्याच्याभोवती पूर्ण वलयं असतात. घेर त्रिज्येच्या दुपटीनं आकसतो, म्हणजे पट्टा आवळत जातो पण पोट तेवढं आत जात नाही. पट्टा तुटणारच. इथे मेण, कागद, उकळणं यांपैकी काहीही चालत नाही. गाभा काढून टाकणं हाच उपाय.

ओंडका गाभ्यातून उभा चिरा आणि दोन्ही अर्धांतून गाभ्याकडची किमान अर्धा-पाऊण इंच पट्टी काढून टाका. गाभा वाकडा असेल तर आणखी. लाकूड वाया गेल्यासारखं वाटतं आणि हात आखडतो. माझाही आखडायचा. दहा इंचांचा वाडगा निघेल अशा ओंडक्यातून साडेअकरा काढायला गेलो की गाभा काठाशी राहायचा आणि तिथेच फाटायचा. हातभर जाडीच्या फांद्यांचे वाडगे करायचा मोह होतो, तोही याच कारणासाठी आवरायला हवा.

ओंडका आणल्या दिवशीच दोन्ही टोकांना मेण लावा. ठोकळा व्यासापेक्षा चार-पाच इंच लांब ठेवा, म्हणजे टोकाला बारीक चिरा पडल्या तरी कापून टाकता येतात. आठवड्यात काम होणार नसेल तर गोल ओंडका तसाच ठेवू नका, उभा चिरून ठेवा. अर्ध्या ओंडक्याला आकसायला मोकळीक मिळते. घराजवळ व्हाळाची कोंड, म्हणजे ओढ्यातला डोह, असेल तर त्यात बुडवून ठेवा. पाण्याखालचं लाकूड सुकत नाही आणि सुकल्याशिवाय चिरत नाही.

बुडाला चीर, बाकी वाडगा धड

बूड जाड राहिलं. काठ एक इंच, बाजू एक इंच आणि बुडाशी चकात धरायच्या बैठकीसकट दोन-अडीच इंच, असं फार होतं. बाजू सुकून आकसतात, बूड ओलं राहतं आणि त्या दोघांच्या सांध्यावर फाटतं. पहिल्या कातणीत, म्हणजे लाकूड ओलं असताना, भिंतीची जाडी व्यासाच्या दहाव्या हिश्श्याइतकी ठेवतात, म्हणजे दहा इंचांच्या वाडग्याला एक इंच. वाडगा सुकून लांबट झाल्यावर दुसऱ्या कातणीत तो पुन्हा गोल करायला एवढी जाडी पुरते. हीच जाडी तळालाही हवी. बैठक मोठी पण बुटकी ठेवा. आतून कातताना तळाचा कोपरा काटकोनात ठेवू नका, तिथे गोलाई द्या.

बुडाच्या आत, पॉलिश पेपर मारलेल्या जागी केसांसारख्या बारीक चिरांचं जाळं दिसत असेल तर ते निराळं. ती उष्णतेची खूण आहे. पेपर दाबून धरला, हाताला चटका बसेपर्यंत घासला, की वरचा थर तिथल्या तिथे सुकून फुटतो. नवा पेपर, हलका हात, कमी वेग.

वलयाच्या रेषेनंच गेलेली, कमानीसारखी चीर दिसली तर ती बहुधा तुमची नाही, झाडाचीच आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीत आंबे-फणस आडवे झाले, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं. वादळात पिळवटून पडलेल्या झाडांत वलयं एकमेकांपासून सुटलेली असू शकतात आणि बाहेरून कळत नाही. ठोकळ्यावर हातोडी मारून बघा, बद्द आवाज आला तर तो भाग लेथवर घेऊ नका.

गणपतीला दिला तेव्हा ठणठणीत, होळीनंतर तडकला

माझ्या मते कोकणात सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट ही, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

वाडगा सुकला की नाही हे ओळखायची साधी रीत सगळे सांगतात. पहिल्या कातणीनंतर वजन करा, बुडावर पेन्सिलीनं तारीख आणि वजन लिहा, दर पंधरा दिवसांनी पुन्हा वजन करा, वजन उतरायचं थांबलं की वाडगा सुकला. रीत बरोबर आहे. पण वजन थांबतं याचा अर्थ लाकडातली ओल आणि त्या जागेच्या हवेतली ओल यांचा मेळ बसला, एवढाच. हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकूड साधारण २० टक्के ओलीवर येऊन थांबतं. ६५ टक्के असेल तर १२ टक्क्यांच्या आसपास. ३५ टक्के असेल तर सातच्या आसपास. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडची हवा कशी असते ते भिंतीवरचं कॅलेंडरही सांगतं, पानं लिबलिबीत होऊन लोंबत असतात.

माझ्या एका जांभळाच्या वाडग्याच्या बुडावर लिहिलेली वजनं अशी: मेच्या पहिल्या आठवड्यात १,९४० ग्रॅम, जूनअखेर १,५२०, ऑगस्टच्या सुरुवातीला १,४००, ऑगस्टअखेर पुन्हा १,४००. थांबलं की! एरवी मी तेव्हाच दुसरी कातणी करून मोकळा झालो असतो. त्या वर्षी तो तसाच ठेवला. जानेवारीअखेर तोच वाडगा १,३१५ ग्रॅम भरला. ऑगस्टमध्ये ‘सुकलेल्या’ वाडग्यात ८५ ग्रॅम पाणी अजून होतं, आणि ते सगळं पाणी भिंतींतलं, म्हणजे जाताना लाकूड आकसवणारं.

तसाच ठेवायचं कारण आदल्या वर्षी घडलं होतं. गणपतीला घर भरलेलं, आणि मी एकाच झाडाचे, एकाच दिवशी कातलेले दोन वाडगे पूर्ण करून, तेल देऊन भेट दिले. एक बहिणीकडे दादरला गेला, एक मावसभावाकडे पुण्याला. दादरचा थोडा लांबट झाला, तिथवरच. पुण्याचा एप्रिलमध्ये काठापासून निम्म्यावर फाटला. मावसभावाला वाईट वाटलं, त्याला वाटलं उन्हात ठेवल्यानं झालं असेल. त्याची काही चूक नव्हती. पुण्यात एप्रिलच्या दुपारी आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली जाते. समुद्राच्या हवेत वाढलेला वाडगा घाट चढून गेला आणि त्याच्यातलं उरलेलं पाणी महिन्याभरात ओढलं गेलं.

सावंतवाडीच्या चितारआळीत लाखेचं कातकाम करणाऱ्या एका म्हाताऱ्या कातारी काकांना मी हे सांगितलं, तेव्हा हातातली पटाशी खाली न ठेवता ते म्हणाले, “पावसात लाकूड सुकना नाय रे, नुसता गप बसता.” त्यांच्याकडे ओल्यावर लाख धरत नाही, त्यामुळे हे त्यांना माझ्याआधी कितीतरी वर्षं ठाऊक होतं.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. पहिली कातणी मार्च ते मे. कागदातले वाडगे पावसाळाभर आतल्या खोलीत, रद्दी दर आठवड्याला बदलून. पहिला महिना झाला की माळ्यावर, चुलीच्या थेट वर नव्हे, बाजूला. थोडा धूर लागला तर चांगलंच, भुंगा कमी धरतो. दिवाळीनंतर वजनाची वही पुन्हा उघडायची. वजन पुन्हा उतरायला लागतं, तेव्हा पावसाळ्यातला मुक्काम खरा नव्हता हे डोळ्यांनी दिसतं. जानेवारीत सलग तीन वजनं सारखी आली की दुसरी कातणी. घाटावर पाठवायचा वाडगा त्यानंतरही दोन-तीन आठवडे कागदात गुंडाळून घरातल्या सर्वांत कोरड्या जागी ठेवतो, आणि घेणाऱ्याला सांगतो की पहिला उन्हाळा तो खिडकीत आणि पंख्याखाली नको.

ज्यांना इतकं थांबायचं नाही त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे: एकाच बैठकीत शेवटपर्यंत पातळ कातणं. भिंत सगळीकडे सारखी, सहा-सात मिलिमीटर, तळसुद्धा. पातळ लाकूड लवचीक असतं, आकसताना वाकतं, फाटत नाही. वाडगा वेडावाकडा होईल, काठ लाटेसारखा वरखाली होईल. मला ते रूप फार आवडतं. पण त्यात जाडी दोन मिलिमीटरनं जरी कमी-जास्त झाली तरी जाड भागाच्या कडेला चीर पडते, हात बसेपर्यंत शिवणीच्या लाकडावरच करा.

उकळण्याबद्दल. पहिली कातणी झालेला वाडगा पाण्यात बुडवून जाडीच्या दर इंचाला तासभर उकळायचा. परसातल्या चुलीवर मोठा हंडा ठेवून मी हे करतो, वर दगड ठेवून, नाहीतर वाडगा तरंगतो. जांभळाला याचा नक्की फायदा झालाय: तडे कमी, सुकणंही लवकर. रंग थोडा मरतो. फणसाचा तो पिवळा उतरतो आणि पाणी हळदीसारखं होतं, म्हणून फणस मी उकळत नाही. काढल्यावर लगेच कागदात, गरम वाडगा वाऱ्यावर ठेवला तर सगळं फुकट.

लाकडं. शिवण सर्वांत समजूतदार, फार आकसत नाही, सुरुवात तिच्यावर करा. फणसही शहाणा, फक्त चीक हत्याराला धरतो, खोबरेल लावून पुसा. आंबा कातायला सोपा, पण बुरशी आणि भुंगा दोन्ही त्याच्यावर टपलेले, आणलेला आठवडाभरात संपवा. जांभूळ देखणं आणि हट्टी, त्याला घाई अजिबात चालत नाही. किनाऱ्यावरच्या सुरूचं लाकूड फुकट मिळतं म्हणून घेऊ नका, ते चिरतंच. काजूच्या चिकानं अंगावर उठतं, काहींना आंब्याच्याही, पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. माड-पोफळीला वलयं नसतात, ते निराळंच काम आहे. आणि आंबा, फणस, जांभूळ स्वतःच्या परड्यातलं असलं तरी तोडायला परवानगी लागते, १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत ती झाडं आहेत.

आता चिरलेल्याचं काय. पहिल्या कातणीनंतर काठावर केसाएवढी चीर दिसली तर त्याच क्षणी पातळ फेविक्विक आत सोडा आणि वरून मेण लावा. ते ओलीतही धरतं, आणि पुष्कळदा चीर तिथेच थांबते. सुकल्यानंतर चीर काठापासून इंचाच्या आत असेल तर दुसऱ्या कातणीत काठ तेवढा उतरवा. वाडगा उथळ होईल, लाडू-चिवड्याला चालेल. चीर निम्म्याच्या खाली गेली असेल तर तो वाडगा पुन्हा लेथवर चढवू नका. जोडून, चिकटवून, तार बांधूनही नाही. फिरत्या चकावर फुटलेला अर्धा वाडगा कुठल्या दिशेनं येईल सांगता येत नाही. धड दिसणारा वाडगाही दुसऱ्या कातणीला चढवताना तोंडावर पारदर्शक ढाल घ्या, वेग अगदी कमी ठेवा आणि पहिलं मिनिटभर त्याच्या समोर नाही, बाजूला उभे राहा.